मृत्यूच्या नोंदवहीतील रिकामे रकाने

वैद्याच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या कागदांपैकी चिकित्सापत्र सर्वांत काळजीपूर्वक लिहिले जाते आणि मृत्यूचा दाखला सर्वांत घाईने. रुग्ण गेलेला असतो, घरात आकांत असतो, बाहेर मंडळी तिरडीची तयारी करीत असतात. अशा वेळी कारणाची चिकित्सा करीत बसणे अप्रशस्त वाटते. आपणही दोन ओळी लिहून मोकळे होतो. या दोन ओळींचे पुढे काय होते, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर एका प्रसंगाने आली. तो प्रथम सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचा गळीत हंगाम भरात होता. आमच्या गावाबाहेरील माळावर ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांतील एका तरुण स्त्रीस मी दोनदा तपासले होते. प्रसूती होऊन महिनाच झालेला. नखे, जिभेचा कडा आणि नेत्र पांढरेफटक, पायांवर शोथ, चार पावले चालली तरी श्वास. तिने फडावर जाऊ नये आणि तालुक्याच्या रुग्णालयात दाखल व्हावे, असे मी सांगितले. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली. कोयता मोडला तर उचल फिटणार कशी, हे त्या नवऱ्याने बोलून दाखविले नाही, पण मला कळले. तिसऱ्या खेपेस मुकादम एकटाच आला. देह टेम्पोने मूळ गावी न्यायचा आहे, वाटेत पोलिसांनी अडवले तर दाखवायला कागद हवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. मी माझ्या लेटरहेडवर लिहिले : ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू.’

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ग्रामपंचायतीत गेलो असता मृत्यूची नोंदवही समोर उघडी होती. आमचे त्या वेळचे ग्रामसेवक दक्ष गृहस्थ. त्यांनी ती नोंद केली होती. मृत्यूचे कारण : हृदयविकार. मृताचा व्यवसाय : घरकाम. मृत व्यक्ती स्त्री असल्यास मृत्यू गरोदरपणी, बाळंतपणात किंवा गर्भावस्था संपल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला काय : हा रकाना रिकामा.

म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत ऊस तोडणारी, मोळ्या वाहणारी स्त्री ‘घरकाम’ करणारी ठरली. रक्तक्षयाने आणि बाळंतपणाने गेलेली बाई शहरातल्या एखाद्या स्थूल व्यापाऱ्याच्या पंक्तीत हृदयरोगी म्हणून जाऊन बसली. आणि मातामृत्यूंच्या गणनेतून एक मृत्यू नाहीसा झाला. ग्रामसेवकांचा यात दोष नव्हता. त्यांनी माझाच कागद वाचला होता.

नोंद कोणाची होते?

जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ सालचा आहे. मृत्यूची वर्दी २१ दिवसांत द्यावी, घरी मृत्यू झाल्यास ती कुटुंबप्रमुखाने द्यावी, एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही, हे नियम आपणांस ठाऊक आहेत. कायदा सर्वांस सारखा आहे. नोंद मात्र सारखी होत नाही. कारण सरळ आहे. ज्याच्या मागे काही राहते त्याची नोंद होते. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, विम्याचे पैसे मिळवायचे असतात, बँकेतील खाते मोकळे करायचे असते, निवृत्तिवेतन विधवेच्या नावे करायचे असते. म्हणून दाखला काढावा लागतो. भूमिहीन मजुराच्या मागे दाखल्याची गरजच उरत नाही. जिच्या नावावर काहीच नाही त्या स्त्रीची तीच गत. आणि आठ दिवसांच्या अर्भकाच्या मागे तर नावसुद्धा नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, कुटुंबांना विचारले असता त्यांच्या घरी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचीच नोंद झाल्याचे आढळले. स्त्रियांच्या मृत्यूंत हे प्रमाण पुरुषांहून कमी आणि गरीब घरांत श्रीमंत घरांहून स्पष्टपणे कमी होते. नोंदीतून गळणारे मृत्यू सर्व थरांतून सारखेच गळले असते, तर संख्याशास्त्रज्ञाला फारशी अडचण नव्हती. एका गुणकाने गुणले की काम झाले असते. परंतु गळती खालच्या बाजूस अधिक आहे. जेथे माणसे अधिक मरतात तेथेच नोंदी कमी, म्हणून कागदावर तेथील मृत्युदर कमी दिसतो आणि विषमता आपोआप झाकली जाते. एखाद्या तालुक्यात बालमृत्यू ‘शून्य’ असल्याचे वाचून आनंद मानण्यापूर्वी तेथे मोजणारा कोणी आहे काय, हे विचारले पाहिजे.

१९१८ ची मुंबई

विषमता नोंदीत उतरली म्हणजे काय दिसते, याचे एक जुने आणि आपल्याच प्रांतातले उदाहरण आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर होते. शहराच्या मृत्युनोंदीत त्या काळी मृताची जात व समाज लिहिला जाई. त्या नोंदींवरून जी आकडेवारी निघाली तीत इन्फ्लुएन्झाने मरणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय लोकांत दर हजारी ८.३, पारशांत ९.०, अन्य हिंदूंत १८.९ आणि ज्यांना त्या कागदांत ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात ६१.६ होते. व्याधी एकच, शहर एकच, महिने तेच. सात पटींहून अधिक अंतर राहत्या जागेने, अन्नाने आणि शुश्रूषेच्या अभावाने पाडले होते. गिरणगावातील चाळी आणि मलबार हिलवरील बंगले यांच्यावर वाहणारा वारा वेगळा नव्हता. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांस समान म्हणून सांगितले आहेत. समान भाव बिघडले असता मृत्यू मात्र इतके असमान का होतात, या प्रश्नाचे उत्तर त्या कोष्टकात होते.

हे कळले ते शहर होते म्हणून. त्याच महिन्यांत दख्खनच्या खेड्यांत काय झाले ते इतक्या नेमकेपणे कोणी सांगू शकत नाही. गावच्या मृत्यूंची नोंद पाटलाकडे असे. साथीत पाटील आणि कोतवाल स्वतःच अंथरुणाला खिळले, कित्येक दगावले, वह्या तशाच राहिल्या. ज्यांची नोंद झाली त्यांतील बहुतेक नुसत्या ‘ताप’ या रकान्यात गेले. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालांनाही नोंदयंत्रणा कोलमडल्याचे मान्य करावे लागले. त्यापूर्वी १८९६ च्या प्लेगच्या वेळी मुंबईत वेगळाच प्रकार घडला होता. प्लेग म्हटले की घर रिकामे करणे, सामान जाळणे, माणसाला उचलून नेणे आले. म्हणून लोक प्लेगचा मृत्यू अन्य तापावर खपवीत. शासनाचा धाक जितका मोठा, तितकी नोंद खोटी. हे आजही विसरून चालत नाही.

आजच्या मृत्यूच्या नमुन्यात जात विचारली जात नाही; धर्म विचारला जातो. व्यवसायाचा रकाना आहे. हा रकाना किती मोलाचा ठरू शकतो हे इंग्लंडमध्ये दिसले. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मृताचा व्यवसाय लिहिण्याची पद्धत आहे. त्याच नोंदींच्या बळावर १९८० साली सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने सांगितले की, सर्वांत खालच्या श्रमिक वर्गातील माणूस निवृत्तीच्या वयापूर्वी मरण्याची शक्यता व्यावसायिक वर्गाच्या अडीच पट आहे. (त्या अहवालाच्या अवघ्या २६० प्रती काढून शासनाने तो सुटीच्या तोंडावर प्रसिद्ध केला होता! सर्वत्र शासने सारखीच.) अर्थात तेथेही नोंद निर्दोष नव्हती. मयताचा व्यवसाय सांगताना नातलग त्याला एक पायरी वर चढवतात, हमालाचा ‘मुकादम’ होतो, हे तेथील संशोधकांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे उलटे होते. आपण ऊसतोडणीवालीला घरकामात बसवतो.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बाबतीत हेच घडत आले आहे. सातबारा सासऱ्याच्या नावावर, राबणारी सून. तिने जीव दिला तर ती शेतकरी गणली जात नाही. कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणाराही नाही. साहाय्यासाठी पात्र-अपात्र ठरविताना जमीन आणि कर्ज कोणाच्या नावे हे पाहिले जाते, आणि तो निकष हळूहळू माणसाच्या ओळखीचाच निकष बनतो.

कोवळी पानगळ

महाराष्ट्रात या विषयाला खऱ्या अर्थाने वाचा फुटली ती २००१ साली. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासह एकूण १३ स्वयंसेवी संस्थांनी राज्याच्या निरनिराळ्या भागांतील २३१ गावे व शहरांतील ६ झोपडपट्ट्या, मिळून सुमारे सव्वादोन लाख लोकसंख्येत, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू दोन वर्षे मोजला. यात कोणतीही असाधारण विद्या नव्हती. गावातील कार्यकर्ती गरोदर स्त्रियांची यादी ठेवी आणि बाळाचे पुढे काय झाले ते घरी जाऊन पाही. ‘कोवळी पानगळ’ या नावाने निघालेल्या त्या अहवालाने अंदाज केला की, महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे १ लाख ७५ हजार बालके दगावतात. शासकीय यंत्रणेच्या नोंदीत यांतील थोडाच भाग येत होता.

त्या अहवालातील मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच होती. बालमृत्यू म्हटले की मेळघाट, अशी आपली समजूत झाली होती. मोजले तेव्हा बिगर-आदिवासी खेड्यांत आणि शहरांच्या झोपडपट्ट्यांतही बालके मोठ्या संख्येने मरताना आढळली. तेथे वृत्तपत्रे पोहोचली नव्हती, एवढाच फरक. २००३ साली शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, हे श्रेय त्या मोजणीचे.

अर्भकांचे मृत्यू कसे निसटतात, हे आपल्यापैकी खेड्यात व्यवसाय करणाऱ्यांना सांगावयास नको. पाचवीच्या आत बाळ गेले तर ते पुरतात; लाकूड लागत नाही, स्मशानाची पावती नाही. बाळ रडले होते की नव्हते याची चौकशी कोणी करीत नाही, आणि जिवंत जन्मून तासाभरात गेलेले मूल ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. बारसे झालेले नसल्याने घरचेही त्याला ‘मोजत’ नाहीत. त्यात खालच्या कर्मचाऱ्यावर मृत्यू अधिक दाखवल्यास ठपका येतो. कमी दाखवल्यास कोणी विचारीत नाही. ‘सर्च’ने आपल्या ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा सुरू करून तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला, तो या मोजणीशिवाय शक्यच नव्हता. आधी किती जात होती हे ठाऊक नसेल तर किती वाचली हे कशावरून सांगणार?

कारण कोण लिहितो?

इथवर झाली नोंदीची गोष्ट. नोंद झाली तरी कारण राहतेच. २०२० साली देशात सुमारे ८१ लाख १६ हजार मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी वैद्यकीय प्रमाणपत्रासह कारण लिहिलेले मृत्यू सुमारे १८ लाख १२ हजार, म्हणजे शेकडा २२ च्या आसपास. गोव्यात जवळजवळ प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूचे कारण प्रमाणित होते. कित्येक मोठ्या राज्यांत दहातील एकाचेही नाही. हे प्रमाणित मृत्यू मुख्यतः शहरांतील रुग्णालयांचे. त्यांत रक्ताभिसरणाच्या विकारांचा वाटा सुमारे एक तृतीयांश दिसतो. त्यावरून ‘भारतीय माणूस हृदयरोगाने मरतो’ असा निष्कर्ष काढला, तर तो रुग्णालयापर्यंत पोहोचू शकलेल्या भारतीय माणसाविषयीचा निष्कर्ष असतो. त्यात माझ्या लेटरहेडसारखे किती ‘हृदयक्रिया बंद’ मिसळलेले असतील, तो हिशेब आणखी निराळा.

रुग्णालयाबाहेरचे मृत्यू कशाने होतात, हे पाहण्यासाठी भारताच्या महानिबंधकांनी आपल्या नमुना नोंदणी पद्धतीतील घरी जाऊन नातलगांना लक्षणे विचारण्याची आणि दोन चिकित्सकांकरवी त्यावरून कारण ठरविण्याची रीत २००१ पासून अवलंबिली. ‘दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास’ या नावाने डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी ते काम केले. त्यातून सर्पदंशाचा जो आकडा निघाला तो आपल्या अगदतंत्राच्या अभ्यासकांनी जरूर ध्यानात ठेवावा. शासकीय रुग्णालयांच्या नोंदीत देशभरात वर्षाला फार तर दोन-अडीच हजार सर्पदंशमृत्यू दिसत असत. घरोघर विचारले तेव्हा २००५ या एका वर्षासाठी अंदाज निघाला ४६ हजारांचा! त्यांतील ९७ टक्के ग्रामीण भागात, आणि ७७ टक्के कोणत्याही आरोग्यसंस्थेच्या बाहेर झालेले. पुढे २००० ते २०१९ या वीस वर्षांसाठी सुमारे १२ लाख मृत्यूंचा अंदाज आला. हा अनवाणी चालणाऱ्याचा, शेतात झोपणाऱ्याचा, जमिनीवर अंथरूण घालणाऱ्याचा मृत्यू आहे. म्हणून तो इतकी वर्षे दिसला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंश हा अधिसूचित करावयाचा विषय करण्यास राज्यांना सांगितले. हिवतापाच्या बाबतीतही याच अभ्यासाने २०१० साली वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यूंचा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजारांचा होता. संघटनेने आक्षेप घेतला की तापाची लक्षणे विचारून हिवताप ओळखणे भरवशाचे नाही. आक्षेपात तथ्य आहे, हे आपण चिकित्सक म्हणून मान्य केले पाहिजे. नुसत्या ‘थंडी वाजून ताप’ या वर्णनावर कोण विषमज्वराचा निर्णय करील? पण ज्या मृत्यूंची नाडी कोणीच पाहिली नाही, त्यांविषयी १५ हजार हा आकडा तरी कोणत्या आधारावर उभा होता?

कोविडच्या वेळी हे सारे पुन्हा एकदा उघडे पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशांनंतर मृताच्या कुटुंबास ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्राची अधिकृत मृत्युसंख्या १ लाख ४१ हजारांच्या घरात होती, तर साहाय्यासाठी आलेले अर्ज २ लाख १३ हजारांवर गेले होते. गुजरातेत अधिकृत संख्या सुमारे १० हजार, अर्ज सुमारे ८९ हजार. सगळेच अर्ज खरे होते असे नव्हे. तथापि दाखल्यामागे काही मिळणार असे कळल्यावर गरिबाघरचे मृत्यूही कसे कागदावर येतात, हे त्यातून दिसले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज केला, आणि भारत सरकारने त्या पद्धतीस हरकत घेतली. तो वाद येथे नको. २०२१ सालची नोंदणीची आकडेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली तीत १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद आहे. आदल्या वर्षाहून सुमारे २१ लाख अधिक.

निदानार्थकर व्याधी आणि नमुना ४-अ

आता आपल्या लेखणीकडे येऊ. मृत्यूच्या कारणाचा नमुना रुग्णालयासाठी क्रमांक ४ व घरी झालेल्या मृत्यूसाठी क्रमांक ४-अ असा आहे. त्याच्या पहिल्या भागात सर्वांत वर तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, त्याखाली त्याचेही मूळ, अशी उतरंड लिहावयाची असते; दुसऱ्या भागात अन्य सहभागी व्याधी; शेजारी प्रत्येकाचा कालावधी. संख्याशास्त्रात मोजले जाते ते सर्वांत खालचे, मूळ कारण. ‘हृदयक्रिया बंद पडणे’ हे कारणच नव्हे. ती मृत्यूची व्याख्या आहे.

ही उतरंड पाश्चात्त्य वैद्यकाची म्हणून आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्मारनिदानाच्या अध्यायात निदानार्थकर व्याधींचे विवेचन आहे : एक व्याधी दुसऱ्याचा हेतू कसा होतो, ज्वराच्या संतापातून रक्तपित्त, प्रतिश्यायातून कास, कासातून क्षय, क्षयातून शोष. हेतूची साखळी मागे मागे नेत पहिल्या हेतूपर्यंत जाणे हे ज्यांना पदवीच्या अभ्यासक्रमात शिकविले गेले, त्यांनी नमुन्याच्या पहिल्याच ओळीवर थांबावे, हे मला आता खटकते. व्याधींची नावे मात्र त्या कागदावर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील असावीत. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिनामांचा समावेश आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत झाला, ही समाधानाची बाब; पण तो परंपरागत विभाग मृत्यूचे कारण लिहिण्यासाठी नाही. आपल्या रुग्णपत्रिकेत ‘पांडू, शोथ, श्वास’ असू द्यावे, नमुन्यावर त्याचा पर्याय लिहावा.

कायदा आपल्याकडून सर्वज्ञता मागत नाही. ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे’ एवढेच त्याचे शब्द आहेत. अखेरच्या आजारात ज्याने चिकित्सा केली त्याने प्रमाणपत्र विनामूल्य द्यावयाचे आहे. ज्यास पाहिलेच नाही त्याचे देऊ नये. आणि विष, दंश, जळणे, अपघात असल्यास पोलिसांना कळविल्यावाचून पुढे जाऊ नये.

यात एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. घरचे हात जोडून म्हणतात, “वैद्यबुवा, क्षय लिहू नका, धाकटीचे लग्न व्हायचे आहे.” कुणी विष घेतलेले लपवू पाहतो. सधन घरांत हे दडपण अधिक सफाईने येते, गरिबाघरी रडून येते. आपण दोन्हीकडे वाकतो. पुष्कळांना ठाऊक नसते की अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोंदवहीच्या उताऱ्यात, म्हणजे लोक ज्याला मृत्यूचा दाखला म्हणतात त्यात, मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. हे समजावून सांगितले की निम्मे आग्रह सुटतात, असा माझा अनुभव आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातलगास द्यावयाची आहे, त्यामुळे हे बोलणे आता टाळताही येणार नाही.

औषधनिर्माते आणि विक्रेते बंधूंना हा विषय दूरचा वाटेल. परंतु आपणही एका अर्थी आकडेवारीच ठेवता. धात्रीलोह किंवा पुनर्नवामंडूर कोणत्या पेठेत किती खपले, हे आपल्या वहीत असते, आणि पुढील हंगामाचे उत्पादन त्यावरून ठरते. त्या वहीत माळावरची कोपी नसते. रक्तक्षय सर्वाधिक जेथे आहे तेथे आपला खप शून्य असेल, आणि मागणीचा आलेख पाहून ‘तेथे गरज नाही’ असे वाटेल. शासनाच्या वहीची चूक आणि आपल्या वहीची चूक एकाच जातीची आहे.

आदिवासी, दलित आणि उच्चवर्णीय यांच्या आयुर्मानातील अंतर मोजण्याचा एक मोठा प्रयत्न २०१०-११ च्या वार्षिक आरोग्य सर्वेक्षणावरून झाला. दोन कोटींहून अधिक लोकांची माहिती त्यात होती. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुष्य चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले, आणि केवळ दारिद्र्याने हे अंतर पुरते उलगडत नव्हते. ते सर्वेक्षण नऊ राज्यांचे होते. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

अलीकडे मी नमुना ४-अ च्या काही प्रती दवाखान्यातच ठेवतो. एका रात्री त्यांतील एका प्रतीवर जुना मजकूर पेन्सिलीने लिहून पाहिला. भाग १, (अ) : हृदयाची अक्षमता, दोन दिवस. (आ) : तीव्र रक्तक्षय, काही महिने. (इ) : प्रसूती, ३१ दिवसांपूर्वी. वय : २२ वर्षे, अंदाजे. स्त्री असल्यास, गर्भावस्था संपल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत : होय. व्यवसायाचा रकाना नमुना क्रमांक २ मध्ये असतो, तो ग्रामपंचायतीत भरला जातो. म्हणून समासात लिहिले : ऊसतोड मजूर.